पालीची ऊब

पेडणे अथवा डिचोली तालुक्यातील एखाद्या जुन्या चिरेबंदी घराच्या पडवीत दिवेलागणीनंतर थोडा वेळ बसले, की भिंतीवरचे एक नित्याचे दृश्य नजरेस पडते. वाशाआडून किंवा तसबिरीमागून एक पाल हळूच बाहेर येते, उजेडाच्या कडेला भिंतीला पोट टेकवून थांबते, आणि एखादा पतंग टप्प्यात येईपर्यंत तिची शेपटीसुद्धा हलत नाही. घरची माणसे तिच्याकडे लक्ष देत नाहीत. बोलता बोलता ती चुकचुकली, तर वडीलधारे कोणी ‘बोललेले खरे ठरणार’ एवढे म्हणते आणि बोलणे पुढे चालू राहते. अंगावर पडली तर मात्र स्नान ठरलेले. डाव्या खांद्यावर पडली असता काय फळ आणि उजव्या पायावर पडली असता काय, ह्याचे कोष्टक जुन्या पंचांगांतून ‘पल्लीपतन’ ह्या मथळ्याखाली छापलेले असे. तिच्या पडण्याचा एवढा बारीक हिशेब ठेवणाऱ्या समाजाने तिच्या जगण्याचा हिशेब सहसा ठेवला नाही, हे जरा नवलाचेच.

डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. पोर्तुगीज भाषेत पालीला ‘ओझ्गा’ म्हणतात. पण नव्या काबिजादीतील ह्या मुलखात तो शब्द घरात शिरला नाही. पाल ही पालच राहिली. तिला ऊब लागते आणि ती कोठून द्यावी, हा प्रश्नही येथे कधी कोणाला पडला नाही. पडण्याचे कारण नव्हते. तो प्रश्न निर्माण झाला तो पाल आपला मुलूख सोडून थंड देशात, काचेच्या पेटीत जाऊन बसली तेव्हा. त्याचे उत्तर शोधता शोधता माणसाला शंभर-सव्वाशे वर्षे लागली, आणि त्या अवधीत पुष्कळ मुके जीव थंडीने, आणि त्याहूनही दुःखाची गोष्ट म्हणजे उष्णतेने, प्राणास मुकले.

सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे असतात, असे शाळेच्या पुस्तकातून सर्वांच्याच कानी पडलेले असते. हा शब्द फसवा आहे. पालीचे रक्त थंड नसते. ते तिच्या भोवतालाइतके असते. माणसाच्या देहात अन्नाच्या बळावर एक शेगडी अहोरात्र पेटलेली असते आणि तिच्यामुळे त्याचे अंग सदतीस अंशांच्या आसपास राहते. पालीला ही शेगडी नाही. तिला ऊब उसनी घ्यावी लागते. ती उसनवारी नीट साधली नाही, तर तोंडात घेतलेला किडा पोटात जातो खरा, परंतु पचत नाही. ती मंदावते, शेपटीत साठवलेली चरबी आटत जाते, आणि खाणे समोर असताना ती उपाशी मरते. पाळणाऱ्याला वाटते, पालीला रोग झाला.

युरोपात आशियाखंडातील पाली गेल्या त्या जहाजांतून. ‘गेको’ हा युरोपीय भाषांतील शब्दही तिकडूनच, मलायी भाषेतून गेलेला. आग्नेय आशियातील एका मोठ्या पालीच्या ओरडण्यावरून तो बनला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडण्यात आले. त्या काळाची विचारसरणी सरळ होती. प्राणी उष्ण देशातला आहे ना? मग त्याला उष्ण खोलीत ठेवा. उष्ण देशांतील झाडांसाठी काचघरे तापवण्याचा प्रघात होताच. तोच न्याय प्राण्यांना लावला गेला. ह्या विचारात एक मोठी चूक दडलेली होती. तापवलेल्या खोलीत सर्व कोपरे सारखेच तापलेले असतात. अशा खोलीत साप, सरडा, कासव आणि पाल ह्या सर्वांना एकच हवामान मिळते, आणि त्या हवामानातून बाहेर पडायला कोणालाच वाट नसते.

ही चूक ओळखून तिच्यावर पहिला मोठा इलाज केला तो एका स्त्रीने. जोन बोशॅम्प प्रॉक्टर ह्यांचा जन्म १८९७ सालचा. लहानपणापासून त्यांना सरड्या-सुसरींचे वेड होते आणि प्रकृती मात्र जन्माची नाजूक. लंडनच्या संग्रहालयातील सरीसृपांची व्यवस्था त्यांच्याकडे आल्यावर त्यांच्या आराखड्यानुसार १९२७ साली नवे घर उभे राहिले. तेथे त्यांनी विजेचा उपयोग केला. पण सबंध इमारत तापवण्यासाठी नव्हे. निरनिराळ्या पिंजऱ्यांना निरनिराळी ऊब देता यावी अशी विजेची योजना केली, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच वरती बसवली. वीज ही उष्णतेची अशी जात आहे, की ती हव्या त्या जागी, हवी तेवढीच नेता येते. कोळशाच्या भट्टीला हे साधत नाही. प्रॉक्टर १९३१ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारल्या. त्यांनी बांधून घेतलेली इमारत पुढे कित्येक दशके त्याच कामी आली.

तथापि पिंजऱ्यात किती ऊब द्यावी हे ठरवताना माणूस अजूनही स्वतःच्या अंदाजावरच विसंबत होता. प्राण्याला विचारण्याची कल्पना कोणाला सुचली नव्हती. ती सुचली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट ह्या दोन अभ्यासकांनी तेथील सरडे व साप पकडून, उष्णतामापकाची बारीक नळी लावून त्यांच्या देहाचेच तापमान मोजले, आणि आपले निष्कर्ष १९४४ साली प्रसिद्ध केले. ते वाचून पुष्कळांना धक्का बसला असला पाहिजे. वाळवंटातील सरड्याला वाळवंटाचे ऊन मानवते, अशी सर्वांची समजूत. प्रत्यक्षात तोच सरडा भर उन्हात अडकवून ठेवला, की थोड्याच मिनिटांत मरतो. मोकळा असला म्हणजे मात्र तो उन्हात येतो, पाठ शेकतो, सावलीत जातो, पुन्हा बाहेर येतो, आणि ह्या येरझाऱ्यांतून आपल्या देहाचे तापमान दोन-चार अंशांच्या पट्ट्यात इतके नेमके राखतो, की ते पाहून गरम रक्ताच्या प्राण्यानेही मान डोलवावी. प्रत्येक जातीचा पट्टा वेगळा. म्हणजे हा प्राणी हवेचा गुलाम नाही. त्याच्याजवळ शेगडी नसली तरी उन्हातून सावलीत जाण्याचे पाय आहेत. ते पाय वापरायला जागा ठेवली नाही, तर जी ऊब त्याला वाचवते तीच त्याला मारते.

हे झाले दिवसा हिंडणाऱ्या सरड्यांचे. पाल बहुधा रात्रीची. सूर्य मावळल्यावर बाहेर पडणाऱ्या जिवाला ऊन शेकायचे कोठे? पुष्कळ काळ असे मानले गेले, की पालीला ह्या बाबतीत निवड नाही. रात्रीची हवा असेल तशी ती सोसते. ह्या समजुतीला तडा देणारे एक काम ऑस्ट्रेलियात झाले. रॉबर्ट बस्टर्ड ह्या शास्त्रज्ञांनी तेथील झाडांच्या सालीखाली राहणाऱ्या एका पालीचा अभ्यास केला आणि १९६७ साली तो प्रसिद्ध केला. पाल दिवसा झोपलेली दिसते; परंतु सालीखालच्या त्या अंधाऱ्या फटीत ती स्वस्थ नसते. वरच्या सालीवर ऊन पडते, साल तापते, आणि पाल आत राहूनच सरकत सरकत आपल्याला सोसेल तेवढी ऊब घेते. रात्रीची शिकार पचवण्याचे काम ह्या दिवसाच्या उबेवर चालते. ऊन तिच्या अंगाला लागत नाही, उन्हाने तापलेली वस्तू लागते.

बस्टर्ड ह्यांचे नाव भारतात वेगळ्या कारणाने परिचित आहे. मगर-सुसरींची संख्या घटत चालल्याने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे तज्ज्ञ म्हणून ते येथे आले आणि १९७५ साली सुरू झालेल्या सुसर-संवर्धनाच्या प्रकल्पाची आखणी त्यांच्या सल्ल्याने झाली. नदीकाठची अंडी गोळा करून ती उबवावयाची, आणि पिले वाढवून पुन्हा नदीत सोडावयाची, हे त्या कामाचे स्वरूप होते. सरपटणाऱ्या प्राण्याला किती ऊब द्यावी हा प्रश्न असा पिंजऱ्यातून अंड्यापर्यंत येऊन पोचला. तेथे त्याचे वजन फारच वाढले.

फ्रान्सच्या मादलेन शार्निये ह्यांनी पश्चिम आफ्रिकेत डाकार येथे सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानांत उबवली, तेव्हा एका तापमानाला जवळजवळ सगळ्या माद्या आणि दुसऱ्या तापमानाला सगळे नर निपजले. हे १९६६ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. नंतर कासवांत, मगरींत आणि काही पालींतही तोच प्रकार आढळला. मद्रासजवळच्या मगर-पैदास केंद्रात आपल्याच नद्यांतील मगरीच्या अंड्यांवर झालेले काम १९८९ साली प्रसिद्ध झाले. एकतीस अंश सेल्सिअसपर्यंत निघालेली पिले सर्व माद्या. साडेबत्तीस अंशांना नर. दीड अंशाचा फरक! खुडूक बसलेल्या कोंबडीखालची अंडी हाताने चाचपून ‘ठीक आहेत’ म्हणणाऱ्या गृहिणीला हा फरक बोटांना कळणारसुद्धा नाही.

म्हणूनच ऊब देणाऱ्या साधनापेक्षा ती आवरणाऱ्या साधनाचा इतिहास अधिक मोलाचा ठरतो. कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच कारागिराने सतराव्या शतकाच्या आरंभीच कोंबडीची अंडी उबवण्यासाठी अशी भट्टी केली होती, की उष्णता वाढली म्हणजे हवेची वाट आपोआप मिटून विस्तव मंदावे. अँड्र्यू यूर ह्या स्कॉटिश रसायनज्ञाने १८३० साली दोन धातूंच्या जोडपट्टीचा नियंत्रक काढला; तापल्यावर एक धातू अधिक पसरतो, पट्टी वाकते, आणि वाकण्याबरोबर उष्णता तोडली जाते. इस्त्रीपासून पाणी तापवण्याच्या यंत्रापर्यंत ही युक्ती घरोघर पोचली. पालीच्या पेटीला ती लावावी हे मात्र फार उशिरा सुचले.

आज जगभर घरांतून पाळली जाणारी पाल म्हणजे लेपर्ड गेको, अंगावर बिबळ्यासारखे ठिपके असणारी. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक एडवर्ड ब्लाइथ ह्यांनी १८५४ साली केले. नमुना पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातला. ती आपल्या घरपालीसारखी भिंत चढत नाही. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत. तिला हलत्या पापण्या आहेत, आणि जाड शेपटीत ती चरबी साठवते. कोरड्या, खडकाळ माळावर दिवसा दगडांच्या कपारीत आणि रात्री बाहेर, असा तिचा क्रम. तिच्या अंड्यांचीही तीच गत आहे. सव्वीस अंशांच्या आसपास माद्या, बत्तीस-तेहतीसला बहुतेक नर, आणि त्याहून वर गेले की पुन्हा बहुतेक माद्या.

तिच्या पेटीसाठी प्रथम वापरात आला तो साधा विजेचा दिवा. तारेचा दिवा हा मुळात दिवा कमी आणि शेगडी जास्त. त्याने घेतलेल्या विजेपैकी शंभरातील पाचच भाग उजेड होतो, बाकी सारी उष्णता. दिव्याचा दोष तोच पालीच्या पेटीत गुण ठरला. पण रात्रीच्या प्राण्यावर रात्रभर उजेड पाडायचा कसा? मग लाल काचेचे दिवे आले. लाल प्रकाश पालीला दिसत नाही असे सांगून ते विकले जात. लीना रोथ आणि आल्मुट केल्बर ह्या स्वीडनमधील संशोधक-द्वयीने २००४ साली दाखवून दिले, की रात्री हिंडणाऱ्या पाली माणसाला सगळे करडे दिसावे एवढ्या अंधुक प्रकाशातही रंग ओळखतात. ज्या डोळ्यांची ही ताकद, त्यांच्यापुढे रात्रभर लाल दिवा जाळून त्यांना अंधार आहे असे समजावे, हा युक्तिवाद त्यानंतर दुबळा झाला.

दुसरे साधन आले ते तापणारा दगड. कल्पना चांगली होती, कारण ही पाल दगडाचीच ऊब घेते. परंतु विजेच्या तारा पोटात घातलेला तो कृत्रिम दगड एखाद्या ठिकाणी फाजील तापे, आणि पाल त्यावरून उठत नसे. वरून येणारे ऊन तिला कळते. पोटाखालची आच मात्र पोळेपर्यंत तिला नीट कळत नाही, असे जाणकार सांगतात. थंड पेटीत दुसरी ऊबच नसेल तर ती जाणार तरी कोठे? पोटाचे कातडे भाजलेल्या कितीतरी पाली ह्या एका साधनाने पशुवैद्यांकडे पोचवल्या. त्यानंतर पेटीच्या तळाखाली बाहेरून लावायची पातळ चटई आली, आणि उजेड न पाडता नुसती उष्णता देणारा चिनीमातीचा गोळाही आला.

ह्यांपैकी कोणते उत्तम, ह्याविषयी जाणकारांत आज दोन तट आहेत. एका पक्षाच्या मते पाल पोटाने ऊब घेते म्हणून चटईच योग्य. दुसरा पक्ष म्हणतो, चटई केवळ कातडी तापवते. सूर्याची, आणि सूर्यासारख्या हॅलोजन दिव्याची उष्णता मांसात खोलवर शिरते, आणि वरून पडून दगड तापवते, जसे रानात घडते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र दोघांचे एका गोष्टीवर दुमत नाही: साधन कोणतेही असो, ते पेटीच्या एकाच टोकाला असावे, त्याला नियंत्रक असावा, आणि दुसरे टोक थंड राहावे. उबदार टोकाला जमीन एकतीस ते तेहतीस अंश, थंड टोकाला चोवीस ते सव्वीस, आणि दोन्हीकडे लपायला जागा. काउल्स आणि बोगर्ट ह्यांच्या सरड्याने १९४४ साली दिलेले उत्तर ते हेच.

आता ही पेटी इंग्लंडातून उचलून पेडण्यात आणून ठेवली, तर काय होईल? पुस्तके लिहिली गेली ती बहुतांशी थंड देशांत, आणि त्यांतील सल्ला येथे जसाच्या तसा पाळणे म्हणजे पालीला भाजून काढणेच होय. गोव्यात मे महिन्यात दुपारची हवा तेहतीस-चौतीस अंशांना जाते. त्या दिवसांत अख्खी पेटी हेच उबदार टोक बनते. उणीव असते ती थंड टोकाची. तेव्हा दिवा बंद करून पेटी घराच्या आतल्या, सावलीच्या खोलीत हलवणे आणि एका कोपऱ्याला ओलसर गारवा राखणे, एवढेच काम उरते. जानेवारीच्या पहाटे पारा वीस अंशांपर्यंत उतरतो, सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकलेल्या डिचोलीच्या गावांत जरा अधिकच. पण माळावरच्या पालीला रात्रीची एवढी उतरण सवयीची आहे. तिला हवा असतो तो दिवसाचा शेक. खरी परीक्षा पावसाळ्यात. कोरड्या डोंगरातला हा प्राणी, आणि येथे चार महिने भिंतींना ओल. ह्या दिवसांत लहानशी नियंत्रित ऊब उपयोगी पडते ती थंडीसाठी नव्हे, पेटीतली हवा कोरडी करण्यासाठी. आणि वादळी रात्री वीज गेली, तर तीही नाही.

सर्वच पालींना शेक हवा असतो, हेही खरे नाही. गोव्याच्याच दक्षिण टोकाला काणकोणच्या रानातून भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या आर. सी. शर्मा ह्यांनी १९७६ साली एका बारक्या पालीचे वर्णन केले आणि तिला गोव्याचेच नाव दिले. ती दिवसा हिंडते, परंतु दाट सावलीतल्या बुंध्यांवर आणि ओल्या खडकांवर. उन्हाचा शेक हे तिचे जगणे नव्हे. झाडे तोडून सावली उघडी पडली, की तिला पळायला पायांपुरतीही जागा उरत नाही. तिच्यासाठी कोणी पेटी बनवलेली नाही, आणि बनवूही नये.

भिंतीवरच्या घरपालीचे मात्र चांगले चालले आहे. तिची ऊब कोठून येते, हे गेल्या काही वर्षांत आपोआप उघड झाले. समईच्या आणि नारळाच्या तेलाच्या काळात ती दिव्याशी येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट आले, चिमणी आणि कंदील आले, तरी ती येतच राहिली. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा पेडणे-डिचोलीच्या बहुसंख्य खेड्यांत वीज नव्हती. नंतर ती आली, आणि तारेचा पिवळा दिवा पडवीत लोंबू लागला. त्याच्या भोवती पाल दिसली, की ती उबेला आली असे कोणीही म्हणे. मग २०१५ पासून सरकारी योजनेतून एलईडी दिवे स्वस्तात घरोघर गेले. हा दिवा पतंगांना आणतो, परंतु जुन्या दिव्यासारखा भिंत तापवत नाही. पाल तरीही येतेच. म्हणजे दिव्याशी ती पूर्वीही मुख्यत्वे पोटासाठीच येत होती.

ऊब ती घेते जांभ्याकडून. ह्या दगडाला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन ह्यांनी १८०७ साली मलबारातील नमुन्यांवरून दिले. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवेत कडक होतो. हात-दीड हात जाडीची त्याची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत ते हळूहळू सोडते. वरती मंगळुरी कौले. ही कौले मंगळुरास बाझेल मिशनच्या कारखान्यात १८६५ सालापासून भाजली जाऊ लागली, आणि किनाऱ्याने वर येत येत त्यांनी गोव्यातील शाकारलेली छपरे पुष्कळ ठिकाणी हटवली. सकाळी पूर्वेकडची पाखी आधी तापते, पश्चिमेची मागाहून. आढ्याजवळ ऊन कडक, वळचणीला सौम्य. रात्रभर पतंग खाल्लेली पाल उजाडताच कौलाच्या खाली शिरते. दुपारी कौल चटका देऊ लागले, की ती वाशाच्या खालच्या अंगाला उतरते आणि तेथून भिंतीच्या सांध्यात जाते.